मालक नसलेली साखळी

कल्याणहून निघालेला महामार्ग माळशेज चढून जुन्नर तालुक्यात येतो, ओतूर मागे टाकतो, आळेफाट्यावर पुणे-नाशिक रस्त्याला छेद देतो आणि तसाच पूर्वेला नगरच्या दिशेने जातो. बेल्ह्याच्या पुढे गुळुंचवाडीपाशी हा रस्ता एक ओढा ओलांडतो. तिथे खाली उतरून पाहिलं तर थक्क व्हायला होतं, कारण तो पूल कुणी बांधलेलाच नाही. काळ्या बेसॉल्टच्या खडकात पाण्याने आरपार कमान कोरली आहे आणि तिच्या पाठीवरून एसटी, मालट्रक, उसाच्या गाड्या बिनदिक्कत ये-जा करतात. त्यानंतर घाट लागतो, आणि घाट चढला की आणे.

आण्याचं पठार उंचावर आहे. खाली कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी मळे हिरवे केले, पण ते पाणी या उंचीवर चढलं नाही, त्यामुळे इथे पाऊस पडेल तेवढ्यावरच बाजरी-ज्वारी. या गावाची पंचक्रोशीतली ओळख म्हणजे रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीचा आमटी-भाकरीचा महाप्रसाद. मोठमोठ्या कढयांमध्ये आमटी रटरटत असते आणि पंगतीवर पंगत उठते. जेवणाच्या बाबतीत इतकं स्वतःचं, इतकं मातीतलं असलेला हा मुलूख. आणि याच रस्त्यावर, आळेफाट्याच्या अलीकडे-पलीकडे, मटण-भाकरीच्या पाट्यांना खेटून लाल अक्षरांत आणखी एक पाटी दिसते: चायनीज. बाजूला हौसेने काढलेला एखादा ड्रॅगन.

ही पाटी आपल्या इतकी सवयीची झाली आहे की तिच्याकडे बघून आता कुणाला काहीच वाटत नाही. मला मात्र ती आपल्या काळातल्या मोठ्या चमत्कारांपैकी एक वाटते. दक्षिण चीनचा किनारा इथून चार हजार किलोमीटरहून दूर आहे. मध्ये हिमालयाएवढी भिंत आहे, एक युद्ध आहे, आणि एकमेकांच्या भाषेतला एक शब्दही न कळणाऱ्या माणसांचं जग आहे. तरीही तिथल्या स्वयंपाकघरातली लोखंडी कढई, तिथली आच, तिथला सोया सॉस जुन्नरच्या फाट्यापर्यंत पोहोचला. त्यासाठी कुठल्या कंपनीने शाखा काढल्या नाहीत, सरकारने योजना आखली नाही, जाहिरातही केली नाही. ही मुंबईत सुरू झालेली, मालक नसलेली साखळी आहे.

तिचं पहिलं टोक कँटनला आहे. आजचं ग्वांगझू. १७५७ ते १८४२ या काळात चीनच्या सम्राटाने पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना हे एकच बंदर उघडं ठेवलं होतं. चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी हवी असतील तर कँटनलाच यायचं. बदल्यात चीनला विकायचं काय, हा इंग्रजांपुढचा मोठा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मुंबईने दिलं: आधी कापूस, मग माळव्याची अफू. मुंबईचे पारशी व्यापारी या धंद्यात अग्रभागी होते. जमशेटजी जीजीभाई १७९९ साली पहिल्यांदा चीनला गेले, तेव्हा ते विशीतही नव्हते. पुढे त्यांनी आणखी फेऱ्या केल्या, अफाट संपत्ती मिळवली आणि त्यातून जे. जे. रुग्णालयासारख्या संस्था उभ्या राहिल्या. ज्या अफूने चीनमधली लाखो घरं उद्ध्वस्त केली, तिचाच पैसा आपल्या शहराच्या पायात आहे, हे या गोष्टीतून वगळता येत नाही. मकाव आणि हाँगकाँगमध्ये आजही पारशी दफनभूमी आहेत. मुंबईची माणसं तिथे जाऊन राहिली, म्हातारी झाली, तिथेच मेली. पारशी बायकांच्या गारा साड्यांवरचं चिनी भरतकाम याच ये-जा करण्यातून आलं.

आणि गंमत अशी की आण्याच्या या मुलखाला पूर्वेचा वारा त्याच्याही कितीतरी आधी लागला होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याण आहे, पैठण आहे, आणि चीनचं रेशीम भडोचला कसं येतं तेही आहे. कल्याणचा माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आजही वाचता येतात. फार खोल मागे गेलं तर आणखी एक नवल आहे. आळेफाट्यापासून जवळच, कुकडीच्या काठी बोरी इथे नदीच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा पट्टा आहे, आणि संशोधकांनी तिचं नातं थेट सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीशी जोडलं आहे. आपण ज्याला आडबाजूचं म्हणतो तो मुलूख जगाच्या वाटेवरच होता.

माणसं कँटनहून मुंबईत आली ती जहाजांवरून. खलाशी, सुतार, गोदीत काम करणारे, स्वयंपाकी. माझगावात नवाब टँक रस्त्यावर १९१९ साली उभं राहिलेलं एक लहानसं चिनी मंदिर आजही आहे, सी यप कून. युद्धवीर आणि सचोटीचा देव मानल्या गेलेल्या ग्वान गोंगची तिथे पूजा होते. हे मंदिर ग्वांगडोंग प्रांतातल्या चार तालुक्यांच्या लोकांनी उभारलं: तायशान, काइपिंग, शिनह्वे आणि एनपिंग. हे चार तालुके लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सोन्याच्या खाणींवर आणि रेल्वेच्या कामावर गेलेले बहुतेक चिनी याच चार तालुक्यांमधले. पोटापाण्यासाठी त्यांनी तिथे खानावळी काढल्या आणि उरल्यासुरल्या भाज्या-मांसाचा 'चॉप सुई' नावाचा पदार्थ अमेरिकेत लोकप्रिय केला. आता आळेफाट्यावरच्या गाडीचं मेनूकार्ड उघडा. त्यावर 'अमेरिकन चॉप्सी' असतंच. कुरकुरीत तळलेल्या नूडल्स, वर टोमॅटोचा गोडसर रस्सा, जमलं तर एक अंडं. एकाच मातीतली माणसं काही पूर्वेला पॅसिफिक ओलांडून गेली, काही पश्चिमेला मुंबईला आली, आणि त्या दोन वाटा जुन्नर तालुक्यातल्या एका प्लास्टिकच्या मेनूकार्डावर भेटल्या!

मुंबईत चिनी खानावळी आधी चिनी माणसांसाठीच होत्या. कामाठीपुऱ्यात सुखलाजी स्ट्रीटच्या आसपास आणि माझगावला चिनी वस्ती होती. बाकीच्या मुंबईला हे जेवण दाखवलं ते चर्चगेटच्या कामलिंगने आणि गेटवेजवळच्या नानकिंगने. नानकिंग लिंग कुटुंबाचं. यिक सेन लिंग यांनी १९४० च्या दशकात ते सुरू केलं. कँटनी स्वयंपाकाचा पहिला नियम असा की जिन्नस इतका ताजा हवा की त्याला मसाल्याच्या आडोशाची गरज पडू नये. मासा वाफेवर शिजवायचा, तोही मोजून काही मिनिटं. वर आल्याच्या आणि पातीच्या कांद्याच्या बारीक काड्या, थोडा सोया सॉस, आणि शेवटी कडकडीत तापवलेलं तेल त्यावर ओतायचं. चर्रर्र आवाज होतो आणि आलं-कांद्याचा वास एकदम उसळतो. ही आपल्याकडची वरून दिलेली फोडणीच आहे! नशीब असं की मुंबईच्या कोळ्यांच्या जाळ्यात येणारं पापलेट दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरही मानाचं. घरापासून इतक्या दूर आलेल्या स्वयंपाक्याला आपला मासा मात्र ससून डॉकवर मिळत होता.

नानकिंग पुढे बंद झालं, पण लिंग बंधूंनी १९९१ साली रीगल सिनेमाच्या मागच्या गल्लीत लिंग्ज पॅव्हेलियन उघडलं. दारातून आत गेलं की एक छोटा पूल लागतो, त्याच्याखाली पाण्यात मासे फिरत असतात. या कुटुंबाने शहरभर शाखा काढल्या नाहीत. दोन पिढ्या एकाच शहरात, एकाच परिसरात, टेबलाशी येऊन गिऱ्हाइकाला 'आज हे घ्या' असं सांगत त्यांनी धंदा केला. मला या टिकून राहण्याचं फार मोल वाटतं, आणि त्याचं कारण १९६२ आहे.

त्या वर्षी भारत-चीन युद्ध झालं आणि इथे जन्मलेली, हिंदी-मराठी-बंगाली बोलणारी चिनी माणसं रातोरात संशयित ठरली. आसाम, दार्जिलिंग, कलकत्ता या भागांतून सुमारे ३,००० जणांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. त्यांत म्हातारी माणसं होती, लेकुरवाळ्या बाया होत्या. काहींची सुटका व्हायला काही वर्षं लागली. बाहेर राहिलेल्यांनाही पोलिसांत नोंद करावी लागे, परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. पुढच्या काळात हजारो लोक देश सोडून गेले, बरेचसे कॅनडात. या वस्तीची झालेली ही होरपळ आपण पुरेशी ओळखलेली नाही. जे थांबले त्यांच्यापुढे जगण्याच्या वाटा थोड्याच होत्या: चामड्याचं काम, दातांचे दवाखाने, ब्यूटी पार्लर आणि खानावळ. म्हणजे देशात चिनी माणसं घटत होती नेमक्या त्याच दशकांत चिनी जेवण पसरू लागलं.

या पसरण्याला पहिला धक्का दिला ताजमहाल हॉटेलने. १९७० च्या दशकात तिथे गोल्डन ड्रॅगन सुरू झालं आणि चीनच्या आतल्या सिचुआन प्रांताचं झणझणीत जेवण मुंबईने पहिल्यांदा चाखलं. कँटनच्या हलक्या हाताला सरावलेल्या शहराला अचानक लाल मिरची भेटली. झणझणीत खाणाऱ्या आपल्या लोकांनी तिला डोक्यावर घेतलं नसतं तरच नवल. तिथून 'शेजवान' नावाची एक लाल चटणी जन्मली, जिच्यात लसूण आहे, मिरची आहे, तेल आहे, पण सिचुआनच्या स्वयंपाकाचा आत्मा समजली जाणारी, जीभ बधिर करून झिणझिण्या आणणारी ती खास मिरी नाही. आता खरं नवल ऐका. ती मिरी ज्या झाडाची, त्याच्या अगदी जवळच्या नात्यातलं झाड कोकणात आहे. एकच वनस्पतिशास्त्रीय प्रजाती, झँथोझायलम. आपण त्या फळाला तिरफळ म्हणतो. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ ठेचून घातलं की ओठांवर जी बारीक झिणझिण येते, तीच सिचुआनची झिणझिण. कोकणातल्या आजीच्या डब्यात ते होतं, आणि शंभर मैलांवरच्या मुंबईत शेजवान सॉस त्याच्यावाचून बनत राहिला.

दुसरा धक्का एका माणसाने दिला. नेल्सन वांग कलकत्त्यात जन्मलेले चिनी. तरुणपणी खिशात फारसं काही नसताना मुंबईला आले आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात काम करू लागले. १९७५ साली एका गिऱ्हाइकाने काहीतरी नवं मागितलं. वांग यांनी आपल्या कुठल्याही भाजीची सुरुवात होते तशीच सुरुवात केली: बारीक चिरलेलं आलं, लसूण, हिरवी मिरची. पण पुढे गरम मसाला घालण्याऐवजी त्यांनी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लॉरने रस्सा दाट केला आणि त्यात कोंबडीचे तळलेले गोळे सोडले. ते चिकन मंचुरियन. चीनच्या ईशान्येला असलेल्या मांचुरियात हा पदार्थ कुणी पाहिलेला नाही. १९८० च्या दशकात वांग यांनी केम्प्स कॉर्नरला चायना गार्डन उघडलं, ते सिनेतारकांचं आणि क्रिकेटपटूंचं आवडतं ठिकाण झालं, पुढे मुंबईबाहेरही त्याच्या शाखा निघाल्या.

त्या एका कृतीत काय घडलं ते नीट पाहण्यासारखं आहे. आलं-लसूण-मिरचीचं वाटण ही आपल्या स्वयंपाकाची बाराखडी. तिच्यावर चिनी रस्सा चढवला, आणि एका परक्या जेवणाला आपल्या जिभेत शिरायचं दार मिळालं. शिवाय त्या गोळ्यात कोंबडी असलीच पाहिजे असं काही नव्हतं. शाकाहारी गिऱ्हाइकासाठी कोबी-गाजर किसून, मैदा-कॉर्नफ्लॉरमध्ये मळून, तळून सोडले की व्हेज मंचुरियन. कोबी स्वस्त, बारमाही आणि कुठल्याही आठवडे बाजारात मिळणारा. रस्त्यावरच्या धंद्याला याहून काय हवं?

पण मोठ्या हॉटेलातून ती कढई रस्त्यावर आली कशी? याचं उत्तर एखाद्या मालकाच्या चरित्रात सापडत नाही, कारण ते काम शेकडो निनावी पोरांनी केलं. चिनी मालकांच्या स्वयंपाकघरात हाताखाली नेपाळी, ईशान्येकडची, बिहार-बंगालची, आणि आपल्या घाटावरची-कोकणातली मुलं होती. आधी भांडी, मग कटिंग: दिवसभर कोबी, सिमला मिरची, गाजर चिरणं. मग नूडल्स उकडून तेल लावून पसरवणं. मग सॉसचं प्रमाण. आणि काही वर्षांनी कढईसमोर उभं राहणं. लेखी कृती नाही, प्रमाणपत्र नाही, बघून बघून हात बसतो. ज्याचा हात बसला तो एक दिवस बाहेर पडतो, एक जोरकस शेगडी, एक लोखंडी कढई, एक पळी आणि सॉसच्या चार बाटल्या घेऊन उपनगरात स्टेशनबाहेर गाडी लावतो. त्याच्या हाताखालचा पोरगा पुढे आपल्या तालुक्याला परततो. कल्याण, मग मुरबाड, मग ओतूर, मग आळेफाटा. कागदावर याची कुठेच नोंद नाही, पण शाखा मोजायच्या म्हटल्या तर या साखळीपुढे कुठलीही कंपनी उभी राहणार नाही.

या पोरांनी जे आत्मसात केलं ते किती अवघड आहे, हे विज्ञानाने हल्ली मोजून दाखवलं. २०२० साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या दोन संशोधकांनी फ्राइड राइस परतणाऱ्या चिनी स्वयंपाक्यांचे हात चित्रफितीत टिपून त्याचं गणित मांडलं. कढई शेगडीच्या काठावर टेकवून ते तिला एकाच वेळी दोन हालचाली देतात: पुढे-मागे ढकलणं आणि वर-खाली झुलवणं. हे सेकंदाला जवळजवळ तीन वेळा घडतं. त्यामुळे भाताचे दाणे सतत हवेत उडत राहतात, तळाला क्षणभर टेकतात आणि पुन्हा उडतात. कढईखालची आग इतकी प्रखर असते की एका जागी थांबलेला दाणा जळून जाईल, पण उडता दाणा जळत नाही, फक्त भाजतो. हवेत उडालेले तेलाचे बारीक थेंब ज्वाळेत पेट घेतात आणि त्याचा धुरकट, खरपूस वास भातावर बसतो. कँटनच्या लोकांना हा वास इतका प्रिय की तो नसेल तर जेवण वाया गेलं असं ते मानतात. आळेफाट्यावर गाडीवाला भट्टीचा पंखा सोडतो, ज्वाळा कढईच्या काठावरून उसळते, आणि बाकड्यावर बसलेली मुलं तिकडे टक लावून बघतात, तेव्हा ती याच गणिताकडे बघत असतात. घरच्या शेगडीवर हा वास कधीच येत नाही, कारण तिची आच कित्येक पटींनी मंद असते. तेव्हा बाहेरच्यासारखा फ्राइड राइस घरी जमत नाही म्हणून कुणीही खंतावू नये.

त्या भाताचंही एक गुपित आहे. तो ताजा चालत नाही. गरम भातात स्टार्चच्या साखळ्या फुगलेल्या, चिकट असतात. भात थंड होऊन काही तास राहिला की त्या साखळ्या पुन्हा आवळून बसतात, दाणा कोरडा आणि घट्ट होतो, मग कढईत तो मोकळा राहतो. आपल्या घरात आदल्या दिवशीच्या उरलेल्या भाताचा फोडणीचा भात होतो तो याच कारणाने फडफडीत होतो. ग्वांगडोंगच्या बाईने आणि जुन्नरच्या बाईने, एकमेकींना कधीही न भेटता, शिळ्या भाताचं तेच शास्त्र शोधलं.

कॉर्नफ्लॉरची गंमत वेगळी. आण्याच्या आमटीला दाटपणा येतो तो शिजून विरघळलेल्या डाळीने आणि वाटणाने, त्यासाठी वेळ द्यावा लागतो, म्हणून ती रटरटत ठेवतात. मंचुरियनला दाटपणा येतो काही सेकंदांत. मक्याचं पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या रश्शात सोडलं की ६५-७० अंशांच्या आसपास त्याचे कण पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि सगळा रस्सा चकचकीत, पारदर्शक होतो. पाणी गारच हवं, कारण गरम पाण्यात कण लगेच बाहेरून फुगतात आणि गुठळ्या होतात. एक जेवण हजारोंच्या पंगतीसाठी मंद आचेवर तासन् तास, दुसरं एका प्लेटसाठी भडकत्या आचेवर दोन मिनिटं. दोन्ही कढया एकाच रस्त्यावर, आणि दोन्हींना आपापलं कसब.

आणि त्या प्लेटमध्ये काय काय आहे? कोबी मुळात युरोपच्या किनाऱ्यावरचा, समुद्रमार्गे आपल्याकडे आला. सिमला मिरची, तिखट मिरची, मका आणि टोमॅटो, हे चौघं अमेरिका खंडातले, पोर्तुगीज आणि इतर युरोपीय जहाजांनी सोळाव्या शतकापासून जगभर नेलेले. म्हणजे मिरची भारतालाही परकी आणि सिचुआनलाही परकी. सोयाबीन चीनचं. अजिनोमोटो जपानचा. १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सूपमधली खास चव शोधली, ती ग्लुटामेट नावाच्या घटकाची निघाली. तोच घटक पिकल्या टोमॅटोत निसर्गतःच भरपूर असतो. नारायणगावच्या उपबाजारात क्रेटमागून क्रेट टोमॅटोचे लिलाव होतात, तेव्हा तिथे ती चवही क्विंटलने विकली जात असते. पातीचा कांदा चिनी स्वयंपाकात वेगळ्या जातीचा असतो, पण आपल्याकडे त्याची जागा आपल्याच कांद्याच्या कोवळ्या पातीने घेतली. जुन्नर-आंबेगाव हे कांद्याचं आगर. इथला कोबी, फ्लॉवर, सिमला मिरची, टोमॅटो, कांदा रात्री टेम्पोत भरून निघतो आणि पहाटे वाशीच्या बाजारात उतरतो. मुंबईच्या चायनीज गाड्यांचा मोठा भार या मळ्यांसारख्या मळ्यांवरच आहे. साखळीचं एक टोक मुंबईहून आळेफाट्याला आलं, तर दुसरं रोज रात्री इथून मुंबईला जातं.

पैसेवाल्यांच्या साखळ्या नंतर आल्या. १९९४ मध्ये अंजन चटर्जी यांनी मुंबईत साकीनाक्याला मेनलँड चायना सुरू केलं, आणि चिनी माणसाच्या मालकीशिवाय, देशभर शाखा असलेलं चिनी जेवण पहिल्यांदा एवढ्या प्रमाणावर उभं राहिलं. २०११ मध्ये लंडनहून याउआचा हे रेस्तराँ बांद्रा-कुर्ला संकुलात आलं आणि त्याच्यासोबत कँटनची मूळ नजाकत परत आली: डिमसम. गव्हाच्या पिठातलं ग्लुटेन धुऊन काढलं की उरतं निव्वळ स्टार्च. त्याची पारी वाफेवर इतकी पारदर्शक होते की आतली गुलाबी कोळंबी बाहेरून दिसते. उकडीच्या मोदकाला कळ्या पाडणाऱ्या आपल्या घरच्या बायकांना या कामातलं कसब क्षणात कळेल. एका पारीत अनेक बारीक चुण्या पाडण्याची मेहनत कँटनमध्ये चहासोबतच्या खाण्यासाठी घेतली जाते. पण हे सगळं काचेच्या दारांआडचं जग आहे. त्याने गाडीवरचं जेवण बदललं नाही, आणि गाडीवाल्यालाही त्याची असूया नाही. त्याने तोवर स्वतःची चायनीज भेळ काढलेली होती: कुरकुरीत तळलेल्या नूडल्स, कच्चा कोबी, कांदा, शेजवान चटणी, कागदी द्रोणात, चालता चालता खायची. भेळेचा साचा आपला, भरण परदेशी. यात मूळ कुणाचं आणि उसनं कुणाचं हे ठरवत बसण्यापेक्षा मला त्या निनावी माणसाची कल्पकता मोठी वाटते, ज्याला पहिल्यांदा हे सुचलं.

साखळी अजून लांबते आहे. १९६२ नंतर जी चिनी कुटुंबं भारत सोडून कॅनडाला गेली, त्यांनी टोरोंटोच्या परिसरात, विशेषतः स्कारबरो भागात, खानावळी काढल्या. पाटीवर लिहिलेलं असतं 'हक्का', त्यांच्यातल्या अनेकांच्या मूळ चिनी समाजाचं नाव. आत मिळतं चिली चिकन, मंचुरियन, हिरवी मिरची घातलेल्या नूडल्स. आलं-लसूण-मिरचीची तीच सुरुवात, तोच चकचकीत रस्सा. टोरोंटोत राहणारी मराठी घरंही तिथे जेवायला जातात. पुण्या-मुंबईहून नव्याने गेलेल्या मुलांना चीनमधून आलेल्या माणसांच्या हॉटेलातलं जेवण अनेकदा अळणी लागतं, आणि या हक्का खानावळीत मात्र पहिल्या घासाला हायसं वाटतं. ज्यांना या देशाने एकेकाळी परकं ठरवलं, तेच आज परदेशात आपल्या मुलांना घरची चव देत आहेत. काउंटरवरचे काका बहुतेकदा कलकत्त्याच्या वळणाच्या हिंदीत विचारतात, ड्राय की ग्रेव्ही?